ग्वाल्हेर, भाड्याची इलेक्ट्रिक स्कूटर आणि उरवाईचा चढ : दोघं बसून जाता येईल का?

भटकी_वाट
नमस्कार मंडळी. डिसेंबरात तानसेन समारोहाच्या सुमारास मी आणि आई ग्वाल्हेरला येतोय. मुक्काम शहरातल्या लष्कर भागात, दौलतगंजात नातेवाइकांकडे. फिरायला पूर्ण दोन दिवस आहेत. इलेक्ट्रिक स्कूटर भाड्याने घ्यायचा विचार आहे. किल्ला, गुजरी महाल, जयविलास, फूलबाग, सरोद घर, तानसेनची समाधी आणि महाराज बाडा एवढं पाहायचंच आहे. जमलं तर तिघरा धरणही.

दोन पर्याय समोर आहेत. एक छोटी, लायसन्स न लागणारी, 60 व्होल्ट 24 अँपिअर-अवर लिथियम बॅटरीची. दुसरी मोठी, 3 किलोवॅट-अवर बॅटरीची, भाडं जवळपास दुप्पट. आम्हा दोघींचं वजन मिळून 130 किलो. किल्ल्याच्या चढावर बॅटरी संपेल ही भीती आहे. छोटीवर भागेल का? लायसन्स माझ्याकडे आहे.

किलोवॅट
चढावर बॅटरी संपणार नाही. अडेल ती मोटर. या दोन गोष्टी वेगवेगळ्या आहेत आणि गाडी निवडताना बहुतेकांची गल्लत इथेच होते.

आधी बॅटरी पाहू. किल्ला शहरापासून साधारण 100 मीटर उंच आहे. मोठी गाडी 110 किलोची धरली, तुम्ही दोघी 130, एकूण 240 किलो. एवढं वजन 100 मीटर वर न्यायला सुमारे 65 वॅट-अवर ऊर्जा लागते. मोटर आणि कंट्रोलरमधली गळती धरून 85 ते 90. म्हणजे 3 किलोवॅट-अवरच्या बॅटरीतले फक्त 3 टक्के. सपाट रस्त्यावर दोघांना घेऊन अशी गाडी किलोमीटरला 30-35 वॅट-अवर खाते, तेव्हा अख्खा किल्ला चढणं हे तीनेक किलोमीटर जास्त चालवण्यासारखं झालं.

आता मोटर. लायसन्स न लागणाऱ्या गाडीला नियमानेच 250 वॅटपेक्षा कमी मोटर आणि ताशी 25 किलोमीटरची मर्यादा असते. गाडी 70 किलो धरली तर एकूण 200 किलो. 100 मीटर रस्त्याला 10 मीटर चढ असेल, तर नुसत्या गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे 196 न्यूटन जोर लागतो. 250 वॅटमध्ये तो लावला तर वेग निघतो ताशी साडेचार किलोमीटर, तोही कुठलीच गळती न धरता. हे चालण्याइतकंच झालं. मोटर थोडा वेळ जास्त वॅट ओढू शकते, पण इतक्या कमी वेगात हब मोटरची (चाकातच बसवलेल्या मोटरची) कार्यक्षमता घसरते, करंटचं रूपांतर फिरण्याऐवजी उष्णतेत होतं आणि कंट्रोलर आधी जोर कमी करतो, मग बंद पडतो. वळणावर, मागे गाड्या असताना हे झालं तर धोका आहे.

लेड-ॲसिड बॅटरीची छोटी गाडी मिळाली तर आणखी वाईट. सपाटीवर काटा 40 टक्के दाखवतो, चढावर करंट वाढला की व्होल्टेज बसतं आणि तोच काटा 10 वर येतो.

तुमच्या यादीसाठी मोठीच घ्या. तिची कमाल शक्ती 4 किलोवॅट किंवा जास्त असली की दोघींना घेऊन उरवाई गेटचा किल्ल्याचा चढ आरामात चढते. ताबा घेताना आईंना मागे बसवून पडावच्या पुलाचा चढ एकदा चढून बघा. मध्ये मुद्दाम थांबा आणि परत निघा. तिथे कुरकुरली तर किल्ल्यावर नेऊच नका.

लष्करकर
किलोवॅट यांचं बरोबर आहे. आता रस्त्याचं सांगतो.

किल्ल्याला दोन वाटा. पूर्वेची ग्वाल्हेर गेटची वाट पायी जाणाऱ्यांसाठी, गाड्या पश्चिमेच्या उरवाई गेटने चढतात. स्कूटरवाल्यांचं नेमकं यामुळे एक मोठं नुकसान होतं. चतुर्भुज मंदिर पूर्वेच्या वाटेवर आहे, तेच, जिथल्या 876 सालच्या शिलालेखात शून्याचा अंक कोरलेला आहे. उरवाईने वर येऊन उरवाईनेच उतरलात तर ते राहून जातं. म्हणून स्कूटर वर मानमंदिराजवळ लावा, हाथी पोलातून पायी खाली उतरून चतुर्भुज बघा आणि परत चढा. आईंच्या गुडघ्यांना जमत असेल तर तसंच खाली गुजरी महालापर्यंत जाता येतं, पण चढून परत यावं लागेल हे धरून चाला. नाहीतर गुजरी महाल वेगळ्या फेरीत, खालून किला गेटकडून करा. तिथलं संग्रहालय सोमवारी बंद असतं.

उरवाईच्या रस्त्यालगत कड्यात कोरलेल्या जैन मूर्ती आहेत, पंधराव्या शतकातल्या. त्या बघायला चढताना मध्येच थांबू नका. रस्ता अरुंद आहे, आणि दोघींना घेऊन उभ्या चढावर शून्यातून सुटणं हेच मोटरला सगळ्यात जड जातं. खाली गेटजवळ गाडी लावून चालत जाऊन बघा. सकाळचं उजेडात बघून मग गाडीने वर, हा क्रम उत्तम.

वर गेल्यावर मात्र स्कूटरचं खरं सुख कळतं. माथा लांबच लांब आहे. मानमंदिर एका टोकाला, सास-बहू (1093 सालचं) पूर्वेच्या कड्यावर, तेली का मंदिर आणि दाता बंदी छोड गुरुद्वारा बरंच पुढे. चालत एवढं करायचं तर आई दमतील, गाडीने प्रत्येक ठिकाणी निवांत वेळ देता येतो. मानसिंह तोमरांच्या (1486 ते 1516) मानमंदिराला किमान दीड तास ठेवा. निळ्या फरशांची बाहेरची भिंत बघून लोक निघून जातात, तळघरं राहतात.

दुसऱ्या दिवशी सपाट फेरी. दौलतगंजातून निघून सरोद घर (जीवाजीगंज), जयविलास, फूलबाग, राणी लक्ष्मीबाईंची समाधी, मग हजिरा भागात मुहम्मद गौस यांची कबर आणि तिला लागूनच तानसेनची. समारोहाच्या दिवसांत हजिऱ्यात संध्याकाळी गर्दी होते, म्हणून गाडी लांब लावायची तयारी ठेवा. बाड्यावर भोवती गाडी लावायला जागा शोधत फिरू नका, पार्किंगमध्ये लावा आणि चाला. टाउन हॉल, व्हिक्टोरिया मार्केट, गोरखी हे सगळं पायीच बघण्यासारखं आहे. दौलतगंजात राहताय तर बाड्यासाठी गाडी काढूच नका.

मुरार_कॅन्ट
माझं मत थोडं वेगळं. आईंना वर टॅक्सीने पाठवा, तुम्ही एकटीने स्कूटर वर न्या. चढापेक्षा उतार त्रासदायक आहे.

किलोवॅट
उताराबद्दल सहमत, पण टॅक्सीची गरज नाही. चढताना लागलेले ते 65 वॅट-अवर उतरताना कुठेतरी जावे लागतात. गाडीत रिजनरेशन (थोडक्यात रिजन, म्हणजे वेग कमी होताना मोटरनेच वीज बनवणं) असेल तर काही भाग बॅटरीत परत येतो, नसेल तर बहुतेक सगळा ब्रेकच्या ड्रममध्ये उष्णता होऊन जातो. ड्रम तापला की ब्रेकचा जोर कमी होतो. म्हणून:

उतरायला लागायच्या आधीच वेग ताशी 15 च्या आत आणा. ब्रेक सतत धरून ठेवू नका. दाबा, वेग पडला की सोडा, पुन्हा दाबा. दोन्ही लिव्हर वापरा. आईंना सांगा की पुढे रेटा येऊ देऊ नका, मागचं हँडल धरा. उतरताना गाडी बंद करून सोडणं अजिबात नको, रिजन जातं आणि दिवाही.

रिजन आहे की नाही हे ताबा घेतानाच कळतं. ताशी 30 वरून थ्रॉटल (वेग वाढवायची मूठ) पूर्ण सोडा. गाडी स्वतःहून अडल्यासारखी मंदावली तर आहे, नुसती वाहत राहिली तर नाही. बॅटरी 100 टक्के भरलेली असताना किंवा फार गार असताना रिजन कमी मिळतं, त्यामुळे किल्ल्याच्या दिवशी 100 चा हट्ट नको, 90 पुरेसं आहे.

मानमंदिराचा लाइट अँड साउंड शो बघणार असाल तर उतार अंधारात करावा लागेल. त्या दिवशी मुरार_कॅन्ट यांचा सल्ला ऐका, टॅक्सी बरी.

हिरवी_पाटी
कागदपत्रांकडे कुणी आलेलं नाही म्हणून.

नंबरप्लेट बघा. इलेक्ट्रिक गाडीची पाटी हिरवी असते. खासगी गाडीवर अक्षरं पांढरी, व्यावसायिक गाडीवर पिवळी. भाड्याच्या गाडीवर हिरव्यावर पिवळी अक्षरंच हवीत. पांढरी अक्षरं म्हणजे कुणाची तरी घरची गाडी तुम्हाला दिली जातेय, आणि अपघात झाला तर विमा कंपनी भाड्याच्या वापराचं कारण पुढे करून हात वर करू शकते. आरसी आणि विम्याची प्रत मोबाइलवर घ्या. तुमचं लायसन्स डिजिलॉकरमध्ये असेल तर चालतं, फक्त त्यात गिअर नसलेल्या किंवा गिअरच्या दुचाकीचा वर्ग आहे ना ते बघा, नुसतं मोटारीचं लायसन्स चालत नाही. पीयूसी इलेक्ट्रिकला लागत नाही. हेल्मेट दोन, दोन्हीवर आयएसआय खूण, पट्टा घट्ट बसणारा. मागे बसणाऱ्यालाही कायद्याने हेल्मेट आहेच.

ताबा घेताना गाडीभोवती फिरून एक सलग व्हिडिओ काढा. त्यात ओरखडे, किलोमीटरचा आकडा, बॅटरीचे टक्के, दोन्ही टायर आणि चार्जर दिसू द्या. चार्जर हरवला किंवा जळाला तर भरपाई मोठी असते, म्हणून तो चालू करून त्याचा दिवा लागतो का ते तिथेच बघा. करारात तीन गोष्टी वाचा : दिवसाला किलोमीटरची मर्यादा, परत देताना किती टक्के बॅटरी हवी, आणि ॲपवर चालणारी गाडी असेल तर ती कुठल्या हद्दीबाहेर बंद पडते. तिघरा त्या हद्दीत आहे का हे आधीच लेखी विचारा.

टायरमधली हवा हा बारीक मुद्दा वाटतो, पण भाड्याच्या गाड्यांत ती हमखास कमी असते. गाडीवरच्या स्टिकरवर एकट्यासाठी आणि दोघांसाठी वेगळा आकडा असतो. दोघांचा भरा. हवा कमी असली की रेंज उतरते आणि वळणावर मागचं चाक डुलतं.

आणखी एक. ही गाडी आवाज करत नाही, त्यामुळे चालू आहे हे विसरतं. आई उतरताना तुमचा हात थ्रॉटलवर असेल आणि मूठ फिरली तर गाडी उडी मारते. आधी पार्क मोड किंवा चावी बंद, मग उतरणं.

भटकी_वाट
खूप मदत झाली, सगळ्यांचे आभार. मोठीच घेते. चार्जिंगचं विचारायचं राहिलं. नातेवाइकांचा वाडा जुना आहे, आमची खोली दुसऱ्या मजल्यावर, गाडी खाली चौकात राहील. आणि डिसेंबरातल्या थंडीचा काय परिणाम होतो?

किलोवॅट
बॅटरी काढता येणारी गाडी मिळाली तर प्रश्नच मिटला. एकेक बॅटरी 10-12 किलोची असते, जिना चढवता येते. न निघणारी असेल तर चौकात पॉइंट लागेल.

जुन्या वाड्यात खरी अडचण अर्थिंगची. सॉकेटला तीन भोकं असतात, पण वरच्या भोकात तार जोडलेलीच नसते. अर्थिंग नसलं की बरेच चार्जर लाल दिवा दाखवून चार्ज घेतच नाहीत, आणि घेतलं तरी पावसाळी दमट जमिनीवर गाडीला हात लावताना झटका बसू शकतो. इलेक्ट्रिशियनकडून टेस्टरने तपासून घ्या, दहा मिनिटांचं काम आहे. 750 वॅटचा चार्जर साडेतीन अँपिअरच्या आसपास ओढतो, ओझं इस्त्रीपेक्षा कमी. पण प्लग बहुतेक वेळा 16 अँपिअरचा जाड पिनांचा असतो, साध्या सॉकेटमध्ये बसत नाही. त्यासाठी बाजारातलं स्वस्त पातळ वायरचं एक्स्टेन्शन लावू नका. तासन्‌तास चालल्यावर त्याचं सॉकेट वितळतं. तीन कोअरची जाड वायर आणि 16 अँपिअरचा टॉप हवा.

वेळेचा हिशेब : 40 वरून 80 टक्के म्हणजे 1.2 युनिट, 750 वॅटने पावणेदोन तास. शेवटचे 10-15 टक्के हळू जातात. तुमची सपाट फेरी 30 किलोमीटर धरली तरी साधारण 35 टक्के लागतील, म्हणजे रात्री एकदा लावणं पुरे. बाहेरच्या फास्ट चार्जरवर भिस्त ठेवू नका. एका कंपनीचा कनेक्टर दुसरीला लागेलच असं नाही, आणि मोटारींचे सीसीएस-2 चार्जर या स्कूटरना चालत नाहीत.

थंडीत रेंज थोडी घटते. संध्याकाळी परत आल्या आल्या, बॅटरी फिरून कोमट असतानाच चार्जिंगला लावा. रात्रभर गारठून पहाटे लावण्यापेक्षा ते तिला मानवतं.

लष्करकर
थंडीपेक्षा धुकं जपा. डिसेंबर अखेरीस सकाळी इथे पाच-दहा मीटरपलीकडचं दिसत नाही असे दिवस येतात. अशा वेळी हाय बीम लावला तर प्रकाश धुक्यावर आपटून डोळ्यांत येतो, लो बीम ठेवा. किल्ल्यावर धुकं विरल्यावरच निघा, वरून शहरही मग दिसतं.

हिरवी_पाटी
पंक्चरबद्दल. टायर ट्यूबलेस आहे याची खात्री करा. ट्यूबलेसला चाक न काढता बाहेरून प्लग मारता येतो, कुठलाही पंक्चरवाला करतो. मागच्या चाकात हब मोटर आणि टायर ट्यूबचं असेल तर चाक काढण्यासाठी मोटरची केबल सोडावी लागते, आणि साधे पंक्चरवाले त्याला हात लावत नाहीत.

गाडी अचानक सुरूच होत नसेल तर क्रमाने बघा : साइड स्टँड पूर्ण वर आहे का (सेन्सर असतो), ब्रेक दाबून बटण दाबलं का, हँडलजवळचा लाल किल स्विच. सगळं ठीक असूनही स्क्रीन काळी असेल तर 12 व्होल्टची छोटी बॅटरी उतरलेली असण्याची शक्यता जास्त. मोठी बॅटरी 80 टक्के असली तरी हिच्याशिवाय गाडी जागी होत नाही. ती तुमची चूक नाही, मालकाला बोलवा.

मुरार_कॅन्ट
तिघरा लष्करातून एका बाजूने वीसेक किलोमीटर. जाऊन-येऊन 40 ते 45, म्हणजे दोघींना घेऊन निम्मी बॅटरी. तो किल्ल्याच्या दिवशी जोडू नका. दुसऱ्या दिवशी सपाट फेरी दुपारी दोनपर्यंत आटपून, घरी चार्ज लावून जेवा, आणि 80 टक्क्यांच्या वर असेल तरच निघा. सूर्य साडेपाचच्या आसपास मावळतो, त्यामुळे धरणावरून पाचला परतीची वाट धरा. समारोहाची संध्याकाळची सभा त्याच दिवशी ऐकायची असेल तर तिघरा सोडा.