ब्राऊन बेल्ट असूनही त्या क्षणी हात हलला नाही. मनाची तयारी कशी करतात?

खाडीकाठ (ठाणे):

शाळेत असल्यापासून गोजू-र्यू शैलीचं कराटे करते आहे. सध्या ब्राऊन बेल्ट, म्हणजे ब्लॅकच्या आधीचा. राहते ठाण्यात, नोकरी ऐरोलीला. मागच्या महिन्यात कामावरून परतताना स्टेशनजवळच्या स्कायवॉकवर एक माणूस माझ्या शेजारून चालायला लागला. चाळिशीचा, नीटनेटका, खांद्याला ऑफिसची बॅग. आधी विचारलं, रिक्षा स्टँडला कुठल्या जिन्याने उतरायचं. मी सांगितलं. मग म्हणाला, "तुम्ही रोज याच वेळेला असता ना?" मी पाय उचलला, त्यानेही उचलला, आणि माझं मनगट धरलं.

मनगट सोडवणं मला झोपेतसुद्धा येईल. सैफा नावाच्या काताची (ठरलेल्या हालचालींच्या क्रमाची) सुरुवातच तिथून आहे. पण हात हललाच नाही. तोंडातून "अहो, काय करताय" एवढंच आलं, तेही जेमतेम ऐकू जाईल इतकं. मागून कॉलेजच्या मुलांचा घोळका आला तसा तो हात सोडून जिना उतरून गेला. मी कठड्याला धरून उभी राहिले, पाय लटपटत होते.

भाऊ म्हणतो, कराटे सोड, क्राव्ह मागा (इस्रायली स्वसंरक्षण पद्धत) लाव. क्लासमध्ये सरांना सांगायचा धीर होत नाही, कारण लहान मुलींच्या बॅचला मी शिकवते. मला तंत्र कमी पडलं असं वाटत नाही, जे अडलं ते डोक्यात अडलं. त्याची तयारी करता येते का? कोणी केली आहे का? "घाबरू नकोस" याच्या पलीकडचं काहीतरी हवं आहे.

तांबडी माती (कोल्हापूर):

ताई, मी तालमीत वाढलेला माणूस. आमच्याकडं नवं पोरगं आखाड्यात उतरलं की समोरच्यानं नुसती मान धरली तरी त्याचं अंग ताठ होतं. वस्ताद लगेच डाव शिकवत नाहीत. खडाखडी, म्हणजे उभ्याने नुसती झटापट, करायला लावतात. घामानं निसरडा झालेला हात, मानेवरचा दाब, तोंडावर येणारा दुसऱ्याचा श्वास, याची सवय व्हायला वेळ लागतो, आणि ती झाल्याशिवाय शिकलेला डाव सुचत नाही. कराटेच्या क्लासात जोडीदारीण मनगट धरते ती सोडायच्या तयारीनंच धरते. तिला सांगा, सोडू नको, खरोखर ओढ. तुम्ही चुकलात तरी ओढत राहा म्हणावं.

कुस्तीतली एक गोष्ट मात्र रस्त्यावर नेऊ नका. जमिनीवर जाऊ नका. त्याच्याबरोबर आणखी कोण आहे ते खाली पडल्यावर दिसत नाही.

उकेमी (पुणे):

मी ज्युदोची. शिकवते, आणि त्यातला बराच वेळ कॉलेजच्या मुलींबरोबर जातो. तू माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची असशील असं धरून अगं-तुगं करते.

आधी हे ऐक. गोठणं हा भित्रेपणा नाही. धोका जाणवला की विचार जागा व्हायच्या आत मेंदू शरीराला थांबवू शकतो, ही जनावरांपासून चालत आलेली प्रतिक्रिया आहे. स्टॉकहोममध्ये बलात्कारानंतर तातडीच्या उपचारांसाठी आलेल्या २९८ स्त्रियांचा एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ७० टक्के स्त्रियांनी हल्ल्याच्या वेळी शरीर लक्षणीयरीत्या जखडल्याचं सांगितलं. मी प्रत्येक नव्या बॅचला हा आकडा पहिल्याच दिवशी सांगते. जी मुलगी स्वतःला दोष देत बसते ती मॅटवर परत येत नाही, आणि मला ती परत यायला हवी असते.

आता तुझ्या प्रसंगाकडे येऊ. क्लासमध्ये कुमिते, म्हणजे जोडीदाराशी लढत, सुरू होते ती "हाजिमे" (सुरू करा) ऐकल्यावर. त्याआधी वाकून नमस्कार झालेला असतो, अंतर ठरलेलं असतं, समोरची आता मारणार हे माहीत असतं. स्कायवॉकवर सुरुवात झाली हे तुला कोणी सांगितलं? त्याने जिना विचारला तेव्हा तू रस्ता सांगणारी मुलगी होतीस. "रोज याच वेळेला असता ना" म्हणाला तेव्हा तुला खटकलं, म्हणून तर तू पाय उचललास. पण माणूस साधा असला तर उगीच तमाशा नको, हेही मनात आलंच असणार. मनगट धरलं गेलं तेव्हा तू अजून त्या सभ्य बोलण्यातच होतीस. सैफा तुझ्या अंगात पक्कं आहे, फक्त ते सुरू करायचा हुकूम इतकी वर्षं बाहेरून येत आला. तो स्वतःचा स्वतःला देण्याचा सराव वेगळा करावा लागतो. आणि तो शिकवता येतो, हे मी समोर घडताना पाहिलं आहे.

आमच्याकडे प्रत्येकीने आपली सुरुवात घरून ठरवून, वहीत लिहून आणायची असते. उदाहरणार्थ: मी वेग बदलला आणि त्यानेही बदलला, की माझं सुरू झालं. सुरू झालं म्हणजे लगेच मारायचं नाही. थांबायचं, त्याच्याकडे वळायचं, दोन्ही तळवे उघडे छातीसमोर आणायचे आणि पोटातून आवाज काढायचा, "मागे व्हा!" हे आधी ठरलेलं असलं की ऐन वेळी ठरवावं लागत नाही. ऐन वेळी ठरवायला गेलं की तिथेच अडतं.

मग तालीम. ती पकडीपासून नव्हे, बोलण्यापासून सुरू करायची. जोडीदार येते, वेळ विचारते, पत्ता विचारते. कधी विचारून खरंच निघून जाते, कधी जवळ सरकत राहते, कधी हात धरते. काय होणार ते करणारीला सांगायचं नाही. बऱ्याचदा काहीच होता कामा नये, नाहीतर मुली प्रत्येक माणसावर ओरडायला शिकतात. समोरच्या माणसाला वाचायला शिकायचं आहे. पहिल्या दिवशी बहुतेकजणी हसतात. मग एखादीच्या तोंडून आवाज निघत नाही आणि ती रडते, आणि तिथून खरं शिकणं सुरू होतं.

याच्या आधी दम लागेपर्यंत बर्पी, मोठ्याने लावलेली गाणी, अर्धे दिवे बंद. भीती आणि दम एक नव्हेत हे मला मान्य आहे. पण हात कापत असताना, नजर समोरच्या माणसापुरती आकसलेली असताना आपण हालचाल करू शकतो, हे शरीराला एकदा कळायला हवं. अ‍ॅड्रेनलिन चढलं की बोटांची नाजूक कामं जमत नाहीत. तळव्याचा फटका, कोपर, गुडघा आणि पळ काढणं एवढं धरून चाल.

आवाजावर मी सगळ्यात जास्त वेळ देते. किआईत, म्हणजे वार करताना देतो त्या आरोळीत, शब्द नसतात आणि ती सगळा वर्ग मिळून देतो. एकटीने, शब्दांत, भर रस्त्यात ओरडणं ही अगदी निराळी गोष्ट आहे. त्याने कोंडलेला श्वासही सुटतो. आजूबाजूला माणसं असतील तर "कोणीतरी मदत करा" म्हणू नये, एकाला निवडावं: "निळा शर्टवाले दादा, ११२ ला फोन लावा." बघे जितके जास्त तितका प्रत्येकजण दुसऱ्यावर विसंबतो, हे बिब लाटाने आणि जॉन डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्येच प्रयोगाने दाखवलं आहे.

आणि तू एकटी नाहीस. अमेरिकेत १९७० च्या दशकात "मॉडेल मगिंग" नावाची पद्धत सुरू झाली ती अशाच एका प्रसंगातून. कराटेची ब्लॅक बेल्ट असलेल्या एका स्त्रीवर बलात्कार झाला होता. मॅट थॉमस यांनी त्यावर विचार करून नखशिखांत पॅड घातलेला हल्लेखोर वर्गात उतरवला. तो शिव्या देतो, घाबरवतो, आणि स्त्रिया त्याच्यावर पूर्ण ताकदीने वार करतात. भावनेचा उद्रेक आणि प्रतिकार एकाच वेळी अंगवळणी पडतो.

क्राव्ह मागाविषयी माझं काही वाईट मत नाही. पण नाव बदलून हे मिळेल असं नाही. चौकशीला गेलीस तर एवढंच विचार की सराव पकडीपासून सुरू करता की बोलण्यापासून. कॅनडातल्या ३ विद्यापीठांत ८९३ विद्यार्थिनींवर झालेला अभ्यास २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. फक्त १२ तासांचं प्रशिक्षण, त्यात हाणामारी थोडी, बाकी सगळा भर धोका ओळखण्यावर आणि ओळखीच्या पुरुषाला ठामपणे अडवण्यावर. वर्षभरात बलात्काराचं प्रमाण प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२ टक्के, न घेतलेल्यांत ९.८ टक्के. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो, कारण आपल्याकडेही नोंदलेल्या बलात्कारांत ९० टक्क्यांहून जास्त आरोपी ओळखीचे असतात. स्कायवॉकवरच्या अनोळखी माणसावर ओरडणं त्या मानाने सोपं. काका, वरिष्ठ, मैत्रिणीचा भाऊ यांना "हात काढा" म्हणणं अवघड. तोही सराव कर.

सडेतोड:

एवढा खटाटोप कशाला? पर्समध्ये पेपर स्प्रे ठेवा, विषय संपला.

उकेमी (पुणे):

@सडेतोड, स्प्रे जरूर ठेवावा, मी मुलींना सांगते. पण मनगट धरलेलं असताना पर्सची चेन उघडून, डबी सुलटी धरून, वाऱ्याची दिशा बघून दाबायचं, हे सगळं त्याच गोठलेल्या हातानेच करायचं असतं ना? संशय येताच तो हातात आलेला असला तरच उपयोगी. म्हणजे पुन्हा आधी ठरवणं आलंच.

दिवाणी-फौजदारी (नाशिक):

वकिलीच्या बाजूने थोडं. भारतीय न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे आणि स्वसंरक्षणाचा हक्क तिच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. हल्ला पूर्ण होईपर्यंत थांबायची सक्ती नाही, धोक्याची वाजवी भीती पुरते. बंधन आहे ते प्रमाणाचं: बचावाला लागेल त्याहून जास्त इजा करायची नाही. तो पळायला लागल्यावर मागून मारलंत तर तो बचाव राहत नाही. पण जीव धोक्यात असलेल्या माणसाने सोन्याच्या तराजूत तोलून वार करावा अशी अपेक्षा न्यायालयंही धरत नाहीत, सर्वोच्च न्यायालयाने दर्शन सिंग खटल्यात (२०१०) हे स्पष्ट केलं आहे. हे मुद्दाम लिहितो, कारण "उलट माझ्यावरच केस झाली तर" या विचारानेही माणसं अडखळतात.

ताई, तुमच्या बाबतीत जे घडलं त्यावर कलम ७४ (विनयभंगाच्या हेतूने स्त्रीवर बळाचा वापर) लागू शकतं. महिना झाला म्हणून तक्रार बाद होत नाही. स्कायवॉकवर कॅमेरे असतील, पण चित्रण फार दिवस ठेवत नाहीत, तेव्हा जायचं असेल तर लवकर जा.

खाडीकाठ (ठाणे):

सगळ्यांचे मनापासून आभार. उकेमी ताई, तुमचा प्रतिसाद आईलाही वाचून दाखवला. काल सरांशी बोलले. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि शनिवारची मोठ्यांची बॅच यासाठी द्यायला तयार झाले. उद्या वकिलीण मैत्रिणीबरोबर चौकीत जाते आहे. दोन शंका: पॅड घातलेला हल्लेखोर कोणाला करायचं, आणि लहान मुलींनाही हे शिकवू का?

उकेमी (पुणे):

सर तयार झाले हे फार छान झालं! हल्लेखोर क्लासमधला सगळ्यात संयमी माणूस असावा, सगळ्यात ताकदवान नव्हे. तायक्वांदोचा चेस्ट गार्ड, बॉक्सिंगचं हेडगार्ड, ग्रॉइन गार्ड आणि नडगीचे पॅड एवढ्यावर सुरू करता येतं, पण डोक्यावर पूर्ण ताकदीचे फटके या साहित्यावर देऊ नका. "यामे" (थांबा) म्हटलं की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं, आणि तो शब्द करणारीनेही वापरायचा. कोणावर आधी अत्याचार झालेला असू शकतो, तिला सगळ्यांसमोर कारण विचारायचं नाही, बाजूला बसू द्यायचं. सत्र संपल्यावर लगेच घरी सोडू नका, पाणी, चहा, गप्पा, अंग शांत होईपर्यंत.

लहान मुलींना अंधार, शिव्या, पॅडवाला माणूस यातलं काही नको. त्यांना अंतर शिकव, आवाज शिकव, आणि घरी कोणाला सांगायचं ते त्यांच्याकडूनच वदवून घे. एकाऐवजी दोन माणसांची नावं घ्यायला लाव, कारण पहिला माणूस ऐकेलच असं नाही.