मदत हवी: व्हॅन हेलन बँडच्या 'जम्प' गाण्याचा सिंथ (सिंथेसायझर) पिचका वाजतोय

पहिलीपट्टी: शनिवारी गॅदरिंगला 'जम्प' करतोय. सुरुवातीचा सिंथ तसा येतच नाही. सगळे ब्रास टोन लावून झाले. घरी बरा वाटतो, हॉलमध्ये ड्रम सुरू झाले की गायब. कोणता टोन लावू? लवकर सांगा, उद्या तालीम आहे.

खर्ज: कीबोर्ड कोणता? लाइन कुठून देताय?

कॅसेटवाला: मूळ आवाज ओबरहाइम ओबी-एक्सए या सिंथचा, वाजवलाय खुद्द एडी व्हॅन हेलनने, म्हणजे बँडच्या गिटारिस्टने. खरा अ‍ॅनालॉग सिंथ मिळवा, बाकी सगळं नकली.

पॅचकॉर्ड: उद्या तालीम आहे त्याला हा सल्ला? लॅपटॉपवरच्या सॉफ्टवेअर सिंथमध्ये दोन सॉटूथ (करवतीसारख्या लहरीचे) ऑसिलेटर घ्या, एक किंचित डीट्यून करा, म्हणजे सुरात जरासा हलवा. फिल्टर बराच उघडा, अटॅक (आवाज चढायला लागणारा वेळ) शून्याजवळ, रिव्हर्ब (घुमारा) बंद. झालं.

कॅसेटवाला: झालं कसं? १९८४ मध्ये अमेरिकेत पाच आठवडे पहिल्या नंबरवर होतं ते गाणं, त्या आवाजाच्या जोरावर.

पॅचकॉर्ड: चालीच्या जोरावर. आवाज नंतर.

सहातारा: सिंथचं सोडा, गिटारचा सोलो कोण वाजवतंय? टॅपिंग (पट्टीवर बोटं ठोकून सूर काढणं) स्वच्छ नसेल तर गाणं तिथेच पडतं. आधी हळू लयीत मेट्रोनोमवर बसवा. बँडचा गायक डेव्हिड ली रॉथ, त्याला तर सुरुवातीला सिंथ नकोच होता.

पहिलीपट्टी: सोलो मित्र वाजवतो, मस्त वाजवतो. माझा प्रश्न टोनचा आहे. यामाहा पीएसआर आहे, हेडफोनच्या भोकातून एक वायर मिक्सरला.

खर्ज: ती वायर मोनो, म्हणजे एकाच बाजूचा आवाज नेणारी असणार. मग फक्त डावी बाजू पुढे जाते, स्टिरिओ टोनचा अर्धा आवाज तिथेच संपतो. स्टिरिओ पिनमधून दोन मोनो निघतात ती वायर घ्या, मिक्सरचे दोन चॅनल वापरा. आणि एसीएमपी (कीबोर्डची आपोआप साथ) चालू आहे का? असेल तर डाव्या हाताच्या पट्ट्या कॉर्ड ओळखण्यात जातात. या गाण्यात खाली सी हा सूर धरून ठेवायचा आणि वर कॉर्ड बदलायचे, सगळा ताण त्यातच आहे. तो सी गेला की उरतं काय?

पहिलीपट्टी: एसीएमपी चालूच होतं. बंद केलं, खालचा सी आता दणकून येतोय. वायर सकाळी आणतो. पण टोन?

पॅचकॉर्ड: सिंथ ब्रास, त्यावर ड्युअलमध्ये (दोन टोन एकत्र) सॉ लीड, थोडा कमी आवाजात. कोरस इफेक्ट (आवाज जाड करणारा) काढा.

कॅसेटवाला: कोरस काढू नका, पोकळ वाटेल.

खर्ज: मोनो वायरवर कोरस नकोच. नवी वायर लावून हॉलमध्ये दोन्ही ऐका, ड्रमसकट.

सहातारा: सोलोची टॅब (कोणती तार कुठे दाबायची त्याचा कागद) हवी असेल तर सांगा, माझ्याकडे आहे.