प्लेटिंगच्या गाळ्यांच्या जागेवर झोपुची इमारत: मातीचा एक रिपोर्ट पुरतो का?

तुर्भेकर:
वस्तीला लागून साधारण 2,000 चौरस मीटरचा प्लॉट आहे. एका कडेला प्लेटिंगचे (धातूला क्रोम-निकेलचा मुलामा द्यायचे) गाळे होते, दुसरीकडे केमिकलचे ड्रम धुवायचे. आता तिथे झोपु (झोपडपट्टी पुनर्वसन) योजनेत पुनर्वसनाची इमारत येतेय. विकासकाच्या सल्लागाराने पाच खड्ड्यांतली माती एकत्र मिसळून एकच नमुना तपासला. एकूण क्रोमियम आणि शिसं मर्यादेत आहे, वर मुरूम टाकून काम सुरू करू म्हणतात. बेसमेंट नाही, स्टिल्ट पार्किंग आहे. शेजारच्या बोअरचं पाणी लोक धुण्याभांड्याला वापरतात. आम्हा रहिवाशांच्या समितीने नेमकं काय मागावं?

माती_परीक्षक:
तो रिपोर्ट बाजूला ठेवा. एका खड्ड्यात शिसं किलोमागे 2,500 मिलिग्रॅम आणि बाकी चारांत 50 असेल, तर मिसळल्यावर 540 येतं. सरासरी निघाली, खड्डा लपला. ड्रम धुण्याच्या जागेचा तर त्यात काहीच पत्ता लागत नाही, कारण माती कालवताना सॉल्व्हंट (चटकन वाफ होणारी धुण्याची रसायनं) उडून जातात.

15 बाय 15 मीटरचे चौकोन आखले की 9 ठिकाणं होतात. त्याशिवाय टाक्यांची जागा, नाल्याचं तोंड आणि ड्रम ठेवायचा ओटा इथे मुद्दाम नमुने घ्या. जुने गाळे कुठे होते ते गूगल अर्थच्या मागच्या वर्षांच्या चित्रांत दिसतं. प्रत्येक ठिकाणी वरचे 15 सेंटीमीटर वेगळे घ्यायचे (मुलांच्या हातातोंडाला लागते ती हीच माती), मग अर्धा मीटर, एक मीटर, असं पक्का मुरूम लागेपर्यंत.

एकूण क्रोमियमवर समाधान मानू नका. आपल्या काळ्या दगडाच्या मातीत क्रोमियम मुळातच असतं. घातक असतं ते सहा-संयुजी (क्रोमियमचं पाण्यात सहज विरघळणारं विषारी रूप), त्याची चाचणी वेगळी मागावी लागते. सोबत निकेल, कॅडमियम, सायनाईड. सॉल्व्हंटचा नमुना प्लास्टिकच्या पिशवीत नाही, मिथेनॉल घातलेल्या काचेच्या बाटलीत, बर्फाच्या पेटीतून. प्रयोगशाळा एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची) मान्यताप्राप्त आहे एवढ्यावर थांबू नका. मातीतला सहा-संयुजी क्रोमियम तिच्या मान्यतेच्या यादीत आहे का, तेही बघा.

भूजल_ठाणे:
बोअरचा वापर आजच थांबवा, रिपोर्टची वाट नको. शिसं मातीला धरून बसतं. सहा-संयुजी क्रोमियम पाण्याबरोबर चालतो आणि मुरुमाखालच्या दगडाच्या भेगांतून कुठे निघेल ते सांगता येत नाही. पाणी मे महिन्यात एकदा आणि पावसाळ्यानंतर एकदा तपासा. पातळी वर आली की वरच्या थरातला माल पाण्यात उतरतो, म्हणून फक्त उन्हाळ्याचा रिपोर्ट फसवा असतो.

प्लॉटमधली जुनी बोअर खोदाईआधी सिमेंट आणि बेंटोनाईट चिकणमातीच्या मिश्रणाने खालून वर भरत बंद करा. नुसतं झाकण लावलं, तर घाण सरळ खाली जायला आयता पाइप मिळतो. पायाच्या खड्ड्यात साचलेलं पाणी रात्री नाल्यात पंप करायची खोड सगळीकडे आहे. ते टाकीत घेऊन, तपासून मगच सोडायचं, हे करारात लिहून घ्या.

साइट_इंजिनिअर:
खर्चाचं गणित मांडतो, कारण विकासक तिथेच अडतो. समजा, तपासणीत दूषित भाग 300 चौरस मीटर आणि 1.2 मीटर खोल निघाला. म्हणजे 360 घनमीटर, 127 ब्रास (एक ब्रास म्हणजे 100 घनफूट), वजन सुमारे 650 टन. दहाचाकी ट्रकमध्ये 16 टन धरले तर 41 फेऱ्या. तपासणीच न करता सगळा प्लॉट तेवढाच उकरला तर 270 फेऱ्या. नमुन्यांचा खर्च इथेच वसूल होतो. ठेकेदार ब्रासवर बोलतो, घातक कचऱ्याच्या केंद्रात बिल टनावर लागतं. पावसात भिजलेली माती नेली तर पाण्याचेही पैसे.

क्रोमियम जागेवरच निष्प्रभ करायचा तर हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट. 1 किलो सहा-संयुजी क्रोमियमला हिशेबाने 16 किलो लागतं, प्रत्यक्षात दुप्पट धरा. 650 टन मातीत किलोमागे 500 मिलिग्रॅम असेल तर 325 किलो क्रोमियम, म्हणजे साडेदहा टनांच्या आसपास हिराकस. दोन ठिकाणी घोटाळा होतो. माती चुन्यासारखी अल्कधर्मी असेल तर हिराकस काम करायच्या आधीच गंजून वाया जातं. म्हणून कोणी आम्ल ओततं, आणि मातीत सायनाईड असेल तर त्यातून विषारी वायू सुटतो. सायनाईडचा रिपोर्ट हातात येईपर्यंत आम्लाचा कॅन साइटवर येऊच देऊ नका. दुसरं, उरलेलं सल्फेट पायाच्या काँक्रीटला खातं. स्ट्रक्चरल डिझाइनरला आधी कळवा.

नुसता मुरूम टाकणं म्हणजे उपाय नव्हे. दूषित थर ठेवायचाच असेल तर त्यावर भगव्या रंगाचं जिओटेक्स्टाइल (जमिनीत घालायचं जाड कापड), म्हणजे पुढे नळाची चर खणणाऱ्याला कळेल. मग दीड मिलिमीटरचा एचडीपीई (जाड प्लास्टिकचा) पत्रा आणि किमान 60 सेंटीमीटर स्वच्छ भराव. ड्रमच्या बाजूला लिफ्टचा खड्डा येत असेल तर नकाशात तो हलवा, बंद खड्ड्यात सॉल्व्हंटची वाफ साठते. उघड्या स्टिल्टमध्ये तो त्रास बराच कमी.

तुर्भेकर:
गाळेवाले केव्हाच निघून गेले. खर्च कोणावर?

माती_परीक्षक:
जुलै 2025 मध्ये केंद्राचे दूषित स्थळ व्यवस्थापन नियम आलेत. जिल्हा प्रशासनाने संशयित जागा कळवली की राज्य प्रदूषण मंडळाने 90 दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, मग सविस्तर सर्वेक्षण, मग जबाबदार कोण ते ठरवायचं. जिल्हाधिकारी कार्यालयात लेखी अर्ज द्या, पोच घ्या, मंडळाला प्रत. पण ही वाट लांबची आहे. तोवर विकासकाच्या करारात तपासणी आणि सफाई हा वेगळा खर्च म्हणून लिहून घ्या, सफाईनंतरचे खड्ड्याच्या तळाचे आणि चारही बाजूंचे रिपोर्ट आल्याशिवाय पायाचं काँक्रीट नाही, ही अट घाला.

साइट_इंजिनिअर:
आणि प्रत्येक गाडीमागे नमुना 10 चं मॅनिफेस्ट (घातक कचरा नेण्याचं चलन), सात रंगांच्या प्रती. केंद्राच्या शिक्क्याची प्रत परत आली की तिची झेरॉक्स समितीकडे. गाड्या मोजा, वजनकाट्याच्या पावत्या त्यांच्याशी जुळवा. मोजणीत दहा गाड्या कमी आल्या तर ती माती कुठल्यातरी खाडीकिनाऱ्याला पडलेली असते.