फार्म.डी. सुरू असतानाच एमबीए करावे का?

तापीकाठ
चोपड्यात आमचे औषधांचे दुकान आहे. मुलगी बी.फार्म. झाली आणि यंदा तिला बी.फार्म.नंतरच्या तीन वर्षांच्या फार्म.डी.ला, म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसीला, प्रवेश मिळाला. एका महाविद्यालयात या वाटेच्या जास्तीत जास्त १० जागा असतात, त्यामुळे घरी पेढे वाटून झाले. आता तिचे म्हणणे असे की, याच काळात मुक्त विद्यापीठातून दोन वर्षांचा एमबीएही करावा. मी तिच्या बाजूचा आहे.

कायद्याची अडचण मला दिसत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाने एप्रिल २०२२ मध्ये एकाच वेळी दोन पदव्या घेण्यास मुभा दिली. ती पीएच.डी.ला लागू नाही; पण फार्म.डी.च्या नावात डॉक्टर असला तरी ती पीएच.डी. नव्हे. अमेरिकेत तर फार्म.डी. आणि एमबीए जोडीने देणारी कितीतरी विद्यापीठे आहेत.

खरे कारण मात्र गल्ल्यावर बसून सुचलेले आहे. २०१३ च्या किंमत नियंत्रण आदेशाखालील औषधांवर किरकोळ विक्रेत्याला १६ टक्के नफा मिळतो, आणि घरबसल्या औषध मागवणाऱ्या गिऱ्हाइकाला तेवढी सूट मोबाइलवर सहज मिळते. नुसती औषधाची जाण असून दुकान चालत नाही, हे मी पाहतो आहे. उद्या मुलगी रुग्णालयात गेली काय किंवा दुकानात बसली काय, पैसा कुठून येतो आणि कुठे अडतो हे तिला आत्ताच कळायला हवे.

पांझराकाठ
आप्पा, मी स्वतः फार्म.डी. आहे आणि धुळ्यात नोकरी करतो. आपला विचार प्रामाणिक आहे, पण वेळेचा हिशोब चुकला आहे असे मला वाटते.

फार्मसी कौन्सिलने हा अभ्यासक्रम २००८ मध्ये आणला तेव्हा त्याला किमान ३०० खाटांच्या रुग्णालयाची जोड सक्तीची केली, आणि ती उगाच केलेली नाही. आपल्या मुलीला थेट चौथ्या वर्षाच्या विषयांपासून सुरुवात करावी लागेल, म्हणजे औषधोपचारशास्त्र, क्लिनिकल फार्मसी, विषशास्त्र, संख्याशास्त्र हे सगळे एकदम अंगावर येईल. हजेरी ८० टक्के लागते. त्यापुढच्या वर्षी क्लर्कशिप, म्हणजे वॉर्डात राहून शिकणे, आणि सहा महिन्यांचा प्रकल्प असतो. शेवटी वर्षभराची इंटर्नशिप असते, तिचे सहा महिने जनरल मेडिसिनमध्ये आणि उरलेले दोन-दोन महिने इतर तीन विभागांत जातात.

कागदावर यात संध्याकाळ मोकळी दिसते, परंतु शिक्षण बरेचसे त्या संध्याकाळीच होते. मी शिकत असताना शहाद्याकडची एक आजी तोंड आले आणि रक्तातील पेशी उतरल्या म्हणून दाखल झाली होती. सकाळच्या राउंडमध्ये फाइलवर संधिवात आणि मेथोट्रेक्सेट एवढेच वाचले गेले. दुपारनंतर मी तिच्या खाटेशी नुसता बसलो होतो, तेव्हा तिने पदरात बांधून ठेवलेल्या गोळ्या सोडून दाखवल्या. आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी ती तीन आठवडे रोज घेत होती. ही चूक पुस्तकात ठळक अक्षरांत छापलेली आहे, तरीही ती सापडायला पाऊण तास इकडच्या-तिकडच्या गप्पा, बऱ्याचशा अहिराणीत, माराव्या लागल्या. त्या दिवशी मला मार्केटिंगचा स्वाध्याय पाठवायचा असता, तर मी तिथे बसलो नसतो.

शिवाय औषधांच्या खर्चाचा आणि परिणामांचा मेळ घालणारे फार्माकोइकॉनॉमिक्स याच अभ्यासक्रमात पाचव्या वर्षी आहे. तेवढे नीट शिकले तरी पुष्कळ झाले.

कानबाई
दादा, आजीची गोष्ट पटली, निष्कर्ष पटला नाही. मी बी.फार्म. करून एमबीए केले आणि बारा वर्षे औषध कंपनीत आहे, तेव्हा पलीकडच्या बाजूने सांगते.

फार्माकोइकॉनॉमिक्स दोन उपचारांची तुलना शिकवते. खरेदीची निविदा कशी वाचावी, मुदत संपत आलेला साठा कोणाच्या माथी बसतो, नवे पद मंजूर करून घेताना व्यवस्थापनासमोर कोणता तक्ता ठेवावा, यातले त्यात काही नाही. रुग्णालयाच्या वहीत क्लिनिकल फार्मासिस्ट, म्हणजे वॉर्डात रुग्णांची औषधे पाहणारा माणूस, अजूनही खर्चाच्या रकान्यात आहे. रुग्णालयांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएच या मंडळाची पाहणी जवळ आली की औषधचुकांच्या नोंदी ठेवायला माणूस हवा असतो, आणि पाहणी उरकली की त्याच माणसाचा पगार डोळ्यांवर येतो. सरकारी दवाखान्यातील औषध निर्माण अधिकाऱ्याच्या पदाला तर डी.फार्म. ही पदविका पुरते, सहा वर्षे शिकलेल्याने तिथे वेगळे काय मागायचे? तुम्ही त्या आजीला वाचवलेत, पण ते आठ-दहा दिवसांचा पुढचा मुक्काम आणि रक्ताच्या पिशव्या वाचल्या अशा भाषेत कोणी मांडले का? मांडले असते तर कदाचित तुमच्या वॉर्डात आज दोन फार्मासिस्ट असते.

एक खुलासा मात्र बारावीच्या पालकांसाठी करते, कारण हे वाचून कोणी घाई करील. बारावीनंतर थेट सहा वर्षांच्या फार्म.डी.ला गेलेल्या मुलांच्या हाती मध्येच कोणतीही पदवी पडत नाही, आणि एमबीएला आधी पदवी लागते. त्यामुळे ही चर्चा फक्त बी.फार्म. होऊन आलेल्यांपुरती आहे. आयोगाच्या सूचनांतही व्यावसायिक परिषदांचे नियम लागू राहतील असे म्हटले आहे. आप्पा, महाविद्यालयाकडून लेखी घ्या, तोंडी नको.

तोरणमाळ
अमेरिकेचा दाखला येथे लागू पडत नाही. तिकडच्या जोड अभ्यासक्रमात एकच विद्यापीठ दोन्हीकडचे वेळापत्रक लावते, काही विषय दोन्ही पदव्यांत धरले जातात आणि त्यातून वेळ वाचतो. येथे दोन संस्था एकमेकींना ओळखतही नाहीत. दोन्हींची परीक्षा एकाच सकाळी आली तर विद्यार्थ्याने कोणाकडे दाद मागायची?

कानबाई ताईंच्या मुद्द्यालाही माझी हरकत आहे. नंदुरबारच्या धडगाव-अक्कलकुवा भागात सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे रुग्ण घरोघर आहेत. त्यावरचे हायड्रॉक्सियुरिया हे औषध सुरू केले की रक्तपेशी वेळोवेळी मोजाव्या लागतात, मात्रा वजनानुसार ठरते आणि गरोदरपणाचा विचार असेल तर आधी बोलावे लागते. हे काम करायला आमच्याकडे माणूस नाही. जो येईल त्याने त्यापूर्वी एमबीए केले, तर तो धडगावला येईल की पुण्याला कंपनीत जाईल? कडवट वाटेल, पण बहुतेक वेळा उत्तर पुणे हेच असते.

कानबाई
माणूस धडगावला येत नाही तो पदवी जास्त झाल्यामुळे नव्हे, तेथे पदच नसल्यामुळे. पद निर्माण करायला प्रस्ताव लागतो, आणि प्रस्ताव लिहिता येणारा माणूस तुम्हाला नको आहे. हे मला कळले नाही.

पांझराकाठ
ताई, प्रस्ताव लिहिता येण्यासाठी आधी काय मागायचे ते कळावे लागते, आणि ते वॉर्डात कळते. मी एमबीएच्या विरोधात नाहीच. दोन-तीन वर्षे काम करून मग करावे, तेव्हा वर्गात विचारायला स्वतःचे प्रश्न असतात.

तापीकाठ
पांझराकाठ दादांचा प्रतिसाद काल रात्री मुलीला वाचून दाखवला. आजीच्या पदरातील गोळ्यांपाशी ती थांबली आणि म्हणाली, अशी गिऱ्हाइके तर आपल्या दुकानातही येतात, आपण चिठ्ठी पाहून गोळी देतो आणि मोकळे होतो. यावर मला काही बोलता आले नाही.

तरी माझे मत पूर्ण बदललेले नाही. दोन-तीन वर्षांनी करू म्हटलेले आमच्याकडे, विशेषतः मुलींच्या बाबतीत, लग्नाच्या बोलण्यात वाहून जाते. शहरातल्या वाचकांना कदाचित हे कारण क्षुल्लक वाटेल. मला वाटत नाही. म्हणून मधला विचार असा केला आहे की, पहिले वर्ष फक्त वॉर्ड आणि अभ्यास, आणि एमबीएचा प्रवेश दुसऱ्या वर्षी.

पांझराकाठ
म्हणजे एमबीएचे दुसरे वर्ष नेमके इंटर्नशिपवर येईल, आप्पा. त्यातही जनरल मेडिसिनच्या सहा महिन्यांत परीक्षा आली तर रजा कोण देणार?

तापीकाठ
तेच पाहायचे आहे. दोन्हीकडची गेल्या वर्षीची परीक्षेची वेळापत्रके मागवली आहेत. रविवारी दुकान दुपारनंतर बंद असते, तेव्हा दोन्ही शेजारी ठेवून तारखा लावू आणि जिथे अडतील तिथे येथे लिहू.