पीएचडी प्रवेशाच्या मुलाखतीचे गुण माहिती अधिकारात मागायचेत, अर्ज कसा लिहू?

बाभळीची_शेंग

नमस्कार मंडळी. मी लातूरकडची. अर्थशास्त्र शिकवते, तासिका तत्त्वावर. आमच्या विद्यापीठाच्या (नाव घेत नाही, पुन्हा त्याच दारात जायचंय) पेटमध्ये (पीएचडीची प्रवेश परीक्षा) मला १०० पैकी ७२ पडले. मग मुलाखत झाली आणि यादी लागली. यादीत नुसती नावं, पुढे 'पात्र' नाहीतर 'अपात्र'. मी अपात्र. गुण कुणाचेच नाहीत. माझ्या आधी आत गेलेल्याला पेटमध्ये ५८ होते, त्यानेच सांगितलेलं. तो पात्र.

आता हिशेब बघा. यूजीसीच्या २०२२ च्या विनियमांत लेखी परीक्षेला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के भारांक आहे. माझ्या ७२ चे होतात ५०.४, त्याच्या ५८ चे ४०.६. फरक ९.८. म्हणजे तो माझ्या पुढे गेला असेल तर तिसापैकी माझ्यापेक्षा जवळपास दहा गुण जास्त घेऊन गेला. गेलाही असेल, पोरगा हुशार आहे, माझं भांडण त्याच्याशी नाही. पण मग तो कागद दाखवा की!

अर्ज टाकला तो असा: 'सन २०२० पासून आजपर्यंत सर्व विषयांच्या पीएचडी प्रवेशाची संपूर्ण माहिती, उमेदवारांची नावे, गुण, प्रवर्ग, मार्गदर्शकनिहाय रिक्त जागा, तसेच मला का नाकारण्यात आले याची कारणे.' उत्तर आलं तीन ओळींचं. एक, त्रयस्थ व्यक्तींची वैयक्तिक माहिती, कलम ८(१)(जे). दोन, माहिती विस्तृत असल्याने संकलित करून देता येत नाही. तीन, 'का' हा प्रश्न माहितीच्या व्याख्येत बसत नाही.

अपील करू की नवा अर्ज? आणि घरच्यांचं म्हणणं असं की सोडून दे, पुढच्या वर्षी त्याच लोकांसमोर बसायचंय. यावरही कुणाचा अनुभव असेल तर सांगा.

जावक_क्रमांक

ताई, मी एका विद्यापीठात कक्ष अधिकारी म्हणून निवृत्त झालो. असल्या तीन ओळी मी स्वतः भरपूर टाईप करून घेतल्यात, म्हणून हक्काने सांगतो: दोन्ही करा. पहिलं अपील कलम १९(१) खाली, उत्तर हातात पडल्यापासून ३० दिवसांच्या आत, जोडपत्र ब, वीस रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ही मुदत घालवू नका. आणि त्याच दिवशी नवा अर्ज, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून. आवक शिक्का मारलेली पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडायची नाही.

तिसऱ्या ओळीत ते बरोबर आहेत. कलम २(एफ) मध्ये माहिती म्हणजे जे आधीच नोंदलेलं आहे ते. 'का' चं उत्तर फायलीत नसेल तर ते तयार करून द्यायची सक्ती नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय निकालातच सांगितलंय. म्हणून माहिती मागू नका, कागद मागा. त्याच्या नावाने मागा.

कागद कुठला ते ऐका. मुलाखतीच्या दिवशी टेबलावर एक तक्ता असतो. बैठक क्रमांक, नाव, प्रवर्ग, पेटचे गुण, मुलाखतीचे गुण, एकूण, शेरा. खाली समितीच्या सह्या. तो तक्ता पाकिटात बंद होऊन पीएचडी विभागात येतो, कारकून त्याच्यावर टिपणी लिहितो, नस्ती, म्हणजे फाईल, सहीसाठी वर जाते, आणि मग ती तुमची 'पात्र-अपात्र' यादी निघते. म्हणजे संकलन त्या दिवशीच झालेलं आहे. दोन-तीन पानांची झेरॉक्स, पानाला दोन रुपये. यात 'विस्तृत' काय?

तुमच्या अर्जात मात्र विस्तृत होतं. सगळे विषय आणि इतकी वर्षं म्हटल्यावर कुठलाही माणूस ७(९) कडे पळतो. खरं तर ७(९) मध्ये नकार द्यायची मुभा नाही, माहिती कुठल्या स्वरूपात द्यायची एवढंच बदलता येतं. हा मुद्दा अपिलात घाला. पण नव्या अर्जात एक विषय, एक वर्ष. महाराष्ट्राच्या नियमात तसाही एका अर्जाला एकच विषय आणि १५० शब्द.

मार्गदर्शकनिहाय जागा अर्जात घालूच नका. कुणाकडे कोण संशोधक, विषय काय, प्रवेशाची तारीख काय, ही यादी वेबसाइटवर ठेवून दरवर्षी अद्ययावत करायची असं यूजीसीच्या त्याच विनियमांत आहे. प्राध्यापकाकडे जास्तीत जास्त आठ, सहयोगीकडे सहा, सहायककडे चार. वजाबाकी घरी करा. (आमच्याकडे ती यादी अद्ययावत करायची पाळी ज्याच्यावर यायची तो नेमका रजेवर जायचा, हा भाग वेगळा.)

काळाकोट_नाशिक

जावक साहेबांशी सहमत, पण ८(१)(जे) वर ते काही बोलले नाहीत आणि खरी गोम तिथेच आहे.

मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये, पुणे जिल्हा न्यायालयाच्या कनिष्ठ लिपिक भरतीच्या प्रकरणात, इतर उमेदवारांचे गुण द्यायला लावले होते. लोक तो निकाल अजून सर्रास जोडतात. पण तो जुन्या कलमावर आहे. त्या कलमात 'सार्वजनिक कामाशी संबंध नाही' किंवा 'खासगीपणावर अकारण आक्रमण' असं काहीतरी दाखवावं लागायचं. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने ते सगळं खरवडून काढलं आणि नोव्हेंबर २०२५ पासून नुसतं 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलंय. विधिमंडळाला जे नाकारता येत नाही ते नागरिकालाही नाकारता येणार नाही, हे परंतुकही गेलं. माझ्या मते हा बदल म्हणजे अधिकाऱ्यांच्या हातात दिलेली आयती किल्ली आहे. असो.

दोन गोष्टी मात्र शिल्लक आहेत. कलम ८(२): गोपनीयतेपेक्षा लोकहित मोठं असेल तर माहिती देता येते. आणि कलम १०: वगळण्याजोगा भाग झाकून बाकीचं द्यायचं. ताई, तुम्ही स्वतःच लिहा की नावं आणि बैठक क्रमांक काळे करून प्रत द्या. तुमच्या ९.८ च्या हिशेबाला नावाची गरज कुठंय?

तुमचे स्वतःचे मुलाखतीचे गुण वेगळ्या अर्जात मागा, ओळखपत्राची प्रत जोडून. ती त्रयस्थाची माहिती होऊच शकत नाही. केरळ लोकसेवा आयोगाच्या प्रकरणात २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराला त्याच्या मुलाखतीचे गुण द्या म्हटलं, परीक्षकांची नावं मात्र नाही. मुलाखत मंडळाच्या सदस्यांची नावंही बिहार लोकसेवा आयोगाच्या २०१२ च्या निकालात ८(१)(जी) खाली, म्हणजे उघड केल्यास जिवाला धोका या कारणाने, झाकली गेली. तेव्हा कुणी किती दिले हे विचारायला जाऊ नका, तेवढ्याच धाग्यावर सगळा अर्ज उसवतील.

तिसरी_खोली

नावांशिवायही काम होतं याचं मोठं उदाहरण आयआयटीचं. २००६ च्या जेईईत विषयवार कटऑफ होते गणित ३७, भौतिकशास्त्र ४८, रसायनशास्त्र ५५. आयआयटी खरगपूरमधलेच प्राध्यापक राजीव कुमार यांनी माहिती अधिकारात दोन्ही गोष्टी मागितल्या: विद्यार्थ्यांचे गुण, आणि कटऑफ काढायची पद्धत. संस्थेने सांगितलेल्या पद्धतीने आकडेमोड केली तर ते कटऑफ येतच नव्हते! नुसते गुण मागितले असते तर हे कळलंच नसतं. ताई, तुम्हीही मुलाखतीचे निकष ठरवणारा कागद मागा. असेल तर द्या, नसेल तर 'अभिलेखात उपलब्ध नाही' असं लेखी द्या. ते 'उपलब्ध नाही' कधी कधी गुणांपेक्षा महाग पडतं त्यांना.

उंबरठा

घरच्यांच्या काळजीबद्दल. कलम ६(२) प्रमाणे माहिती कशाला हवी हे सांगावं लागत नाही, आणि अर्ज कुठलाही भारतीय नागरिक करू शकतो. तक्त्याचा अर्ज ठाण्याच्या मावसभावाने केला तरी चालतं. तुमच्या नावावर फक्त स्वतःच्या गुणांचा अर्ज राहील, तो तर दहा जण करतात. माझ्या बहिणीने असंच केलं.

बाभळीची_शेंग

सगळ्यांचे आभार. तक्त्याचा अर्ज पुण्याची चुलत बहीण टाकणार आहे. मसुदा असा केलाय:

'विषय: अर्थशास्त्र विषयाची पीएचडी प्रवेश प्रक्रिया, चालू शैक्षणिक वर्ष. १) मुलाखत समितीने स्वाक्षरी केलेल्या गुणतक्त्याची साक्षांकित प्रत. कलम १० नुसार उमेदवारांची व समिती सदस्यांची नावे, स्वाक्षऱ्या आणि बैठक क्रमांक झाकावेत. प्रवर्ग, पेटचे गुण, मुलाखतीचे गुण, एकूण व शेरा हे रकाने द्यावेत. २) मुलाखतीच्या गुणदानाचे निकष ठरवणाऱ्या परिपत्रकाची किंवा इतिवृत्ताची प्रत. ३) पात्रता यादी मंजूर केलेल्या नस्तीतील टिपणीची प्रत.'

ठीक आहे का? पेनड्राइव्हवर एक्सेल मागू का?

जावक_क्रमांक

मसुदा चांगला आहे. एक्सेल नको. कायद्यात अजून फ्लॉपी आणि व्हिडिओ कॅसेट लिहिलेल्या आहेत, त्यामुळे मागता येतं सगळंच, पण एक्सेलवर सह्या नसतात. झेरॉक्सच घ्या.

चौथा मुद्दा घाला: 'सदर नस्तीचे प्रत्यक्ष निरीक्षण करायचे आहे, दिनांक व वेळ कळवावी.' पहिल्या तासाला फी नाही, आणि टिपणं काढायचा हक्क कलम २(जे) मध्येच आहे. बहिणीला सांगा, आधी पानांचे क्रमांक बघायचे. डाव्या बाजूला टिपणी, उजवीकडे पत्रव्यवहार. मधला एखादा क्रमांक गायब असेल तर तो तिथेच वहीत लिहायचा, आणि समोर बसलेल्या कारकुनाला 'हे पान कुठंय' एवढंच विचारायचं. आवाज न चढवता. तो बिचारा सांगतो बहुतेक वेळा.