मदत हवी आहे (तातडीचे): बाबांची इकोस्प्रिन पुन्हा सुरू करावी का?

सायली_ठाणे
बाबा ७३ वर्षांचे. इकोस्प्रिन ७५ (रक्त पातळ ठेवणारी ॲस्पिरिनची गोळी) कित्येक वर्षं चालू होती. डॉक्टरांनी बंद करायला सांगितली म्हणून केली. आता तीन आठवडे झाले तरी बाबा परत घ्यायला तयार नाहीत. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलंय की अमेरिकेत संशोधन झालं, सत्तरीनंतर ॲस्पिरिनचा फायदा शून्य, उलट रक्तस्राव होतो. खरं आहे का? हो की नाही एवढंच सांगा, वाद घालून डोकं उठलंय.

आकडेमोड
हो. ॲस्प्री चाचणी, २०१८. ऑस्ट्रेलिया आणि अमेरिकेतली १९,११४ माणसं, बहुतेक सत्तरीपुढची. रोज १०० मिग्रॅ, साधारण पावणेपाच वर्षं. धडधाकट जगण्यात काडीचा फरक नाही, मोठा रक्तस्राव मात्र २.८ ऐवजी ३.८ टक्के लोकांना. बाबा बरोबर आहेत.

निशिगंध
थांबा हो. गोळी मुळात सुरू कशासाठी केली होती? ॲटॅक? स्टेंट (हृदयाची रक्तवाहिनी उघडी ठेवणारी जाळी)? लकवा? ॲस्प्रीमध्ये हृदयविकार झालेली माणसं घेतलीच नव्हती. आणि बंद करणारे डॉक्टर कोणते?

वैद्यकाका
अर्जुनसालीचा काढा दुधातून, सकाळ-संध्याकाळ. आमचे सासरे ८४ वर्षांचे, एक गोळी नाही.

खवट
काका, गुडघ्याच्या धाग्यावरही अर्जुनसालच होती.

मधुमेही_मंगेश
शुगर आहे का ते लिहा. ब्रिटनमधली असेंड चाचणी खास मधुमेहींवरची, १५,४८० लोक. झटके वगैरे ९.६ वरून ८.५ टक्क्यांवर आले, पण मोठा रक्तस्राव ३.२ वरून ४.१ वर गेला. म्हणजे इथे कमावलं, तिथे घालवलं. मी स्वतः बंद केली.

पेणकर
जनऔषधीत स्वस्त मिळते. आधार कार्ड लागत नाही.

सायली_ठाणे
अहो, स्टेंट आहे म्हणून तर इकोस्प्रिन! २०१५ ला ॲटॅक आला तेव्हा बसवला. उगाच कोण घेईल? शुगर नाही. डॉक्टर म्हणजे दातांचे, दाढ काढायची होती. पाच दिवस बंद ठेवा म्हणाले होते.

निशिगंध
ताई, हे पहिल्या ओळीत हवं होतं!! प्रश्नच बदलला. ते संशोधन ज्यांना काहीच झालेलं नाही त्यांच्यासाठी आहे. अमेरिकेतल्या तज्ज्ञांच्या समितीने २०२२ मध्ये साठीपुढच्यांना नको म्हटलं तेही "नव्याने सुरू करू नका" असं. ॲटॅक येऊन गेलेल्यांचा हिशोब वेगळा, त्यांना पुन्हा झटका येण्याचा धोका मुळातच जास्त. शिवाय स्टेंटमध्ये गुठळी धरू शकते. हृदयाच्या डॉक्टरांना आत्ता फोन करा, इथे उत्तराची वाट बघू नका. आणि छातीत दुखलं, धाप लागली तर थेट हॉस्पिटल.
बाकी एका दाढेसाठी ही एकटी गोळी सहसा बंद करावी लागत नाही. कापूस दाबून धरला की रक्त थांबतं.

खवट
सहसा म्हणे. आमच्या मामांची दाढ रात्रभर वाहत होती.

निशिगंध
ॲस्पिरिनवर होते?

खवट
वॉरफरिन. पण रक्त पातळ करायचंच ना तेही.

निशिगंध
दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

आकडेमोड
मी दिलेले आकडे बरोबरच आहेत. स्टेंट लपवला कुणी?

वैद्यकाका
स्टेंट असला तरी काढा चालतो.

खवट
🙏

सायली_ठाणे
बोलले. हृदयाचे डॉक्टर आधी भडकले, मग म्हणाले आजपासूनच सुरू करा. सोमवारी ईसीजीला बोलावलंय. जेवणानंतर बाबांनी मुकाट घेतली. पण तो मेसेज त्यांनी स्वतः आणखी तिघांना पाठवलाय आणि त्यातल्या एका काकांची बायपास झालीय. त्यांना फोन लावतेय, उचलत नाहीयेत.

पेणकर
अवांतर: दाढ काढायचे ठाण्यात किती घेतात?