ईव्ह ऑनलाइन: नवख्याने एकट्याने खणत बसावं की लगेच कॉर्प गाठावी?

सिडकोकर
माझा मामेभाऊ बारावीच्या सुट्टीत ईव्ह ऑनलाइन हा अंतराळयानांचा, अनेकांनी एकत्र खेळायचा ऑनलाइन गेम खेळायला लागला. ट्युटोरियल झालं, करिअर एजंटची मिशन्स झाली, आणि मग व्हेंचर हे खाणकामाचं जहाज घेऊन स्वारी लघुग्रहांच्या पट्ट्यात वेल्डस्पार हे साधं खनिज खणत बसली ती बसलीच. लेझर चालू, मालाची जागा भरली की स्टेशन, परत पट्टा. आता म्हणतो, कंटाळा आला, सोडतो.

माझं ठाम मत आहे की नवख्याने पहिल्या आठवड्यातच कॉर्पमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या संघटनेत, जावं. हा गेम 2003 पासून चालू आहे आणि स्किल्स खऱ्या वेळेनुसार वाढतात, तुम्ही लॉगिन असा वा नसा. म्हणजे दिवसरात्र खपूनही जुन्या खेळाडूला स्किलमध्ये गाठणं एकट्याच्या हातात नाही. फ्लीटमध्ये, म्हणजे एकत्र लढणाऱ्या ताफ्यात, मात्र नवख्याच्या स्वस्त, छोट्या फ्रिगेट जहाजालाही किंमत आहे. त्याने जवळ जाऊन स्क्रॅम, म्हणजे वॉर्प रोखणारं यंत्र, लावला की मोठ्या बॅटलशिपला वॉर्प करून, म्हणजे अतिवेगाने झेप घेऊन, पळता येत नाही, आणि बाकीचे तिला संपवतात. पहिल्याच दिवशी आपण कुणाच्या तरी उपयोगी पडतो, हे खणून कधी कळणार?

निफाडचा_गडी
भाऊ, अजिबात पटलं नाही. खणणं म्हणजे वेळ फुकट, हे कुणी ठरवलं?

मी एकट्यानेच शिकलो आणि बाजार शिकलो. खणलेलं तिथल्याच स्टेशनवर समोर दिसेल त्या बाय ऑर्डरला, म्हणजे दुसऱ्याने लावलेल्या खरेदीच्या भावाला, टाकलं तर हातात कमी येतं. तोच माल जिटाला, म्हणजे गेममधल्या सर्वात मोठ्या बाजारपेठेत, नेऊन स्वतःच्या भावाची सेल ऑर्डर लावली, तर थांबावं लागतं पण भाव बरा मिळतो. आमच्या घरी कांदा आहे. शिवार खरेदीत व्यापाऱ्याला द्यायचा की ट्रॅक्टर भरून लासलगावला न्यायचा, हा हिशेब लहानपणापासून ऐकतोय, तोच इथे आहे. फरक एवढाच की इथे सगळा माल खेळाडूंनी खणलेला आणि जहाजं बहुतेक खेळाडूंनीच बांधलेली. हे समजायला शांतता लागते. पहिल्याच आठवड्यात कुणाच्या तरी हुकमावर पळणाऱ्या पोराला ते कधी समजणार?

शिवाय कॉर्पमध्ये घेतो म्हणून नवख्याचा माल लुबाडणारेही आहेत, आणि गेमच्या नियमात फसवणूक चालते. जिटाच्या चॅटमध्ये ‘पैसे पाठवा, दुप्पट करून देतो’ हे अखंड चालू असतं.

सिडकोकर
शांतता कुठली? हायसेक या सुरक्षित म्हणवल्या जाणाऱ्या भागातही कॉनकॉर्ड, म्हणजे गेमचं पोलीसदल, हल्ला झाल्यावर येतं. हल्लेखोराला मारतं, तुम्हाला वाचवत नाही.

भावाचंच सांगतो. खणलेला सगळा माल एका हॉलरमध्ये, म्हणजे मालवाहू जहाजात, भरला, ऑटोपायलट लावला आणि जेवायला उठला. ऑटोपायलटवर जहाज थेट गेटवर, म्हणजे पुढच्या सौरमंडळात जायच्या दारावर, उतरत नाही, अलीकडेच वॉर्पमधून बाहेर पडतं आणि उरलेलं अंतर रखडत कापतं. तिथे कॅटलिस्ट या स्वस्त हल्ल्याच्या जहाजांतले लुटारू टपलेले. त्यांनी त्याचा हॉलर फोडला, त्यापायी स्वतःची जहाजं कॉनकॉर्डच्या हाती घालवली आणि त्यांच्याच साथीदाराने येऊन उरलेला माल उचलून नेला. ताट पुसून हा परत आला तेव्हा स्क्रीनवर नुसता पॉड, म्हणजे जहाज फुटल्यावर उरते ती पायलटची कुपी. कॉर्पमधल्या कुणीही पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की माल भरून ऑटोपायलट लावू नकोस.

पाथर्डी_फाटा
माझा मुलगा अकरावीत आहे, तोही हाच गेम खेळतो, म्हणून लिहिते. सिडकोकर दादा, तुमच्या म्हणण्यात एक गोष्ट सुटली. या गेमचा सर्व्हर लंडनमध्ये आणि त्याच्या कॉर्पमधले बहुतेक लोक युरोपातले. गेमच्या घड्याळात 19:00 ला फ्लीट निघते, तेव्हा आपल्याकडे रात्रीचा साडेबारा वाजलेला असतो. सकाळी सातला क्लास. एकट्याने खणत होता तेव्हा दहाला बंद करायचा. आता ‘आई, माणसं माझ्यावर अवलंबून आहेत’ म्हणतो. जबाबदारी कळते हे चांगलंच, पण झोपेचं काय? मला तर निफाडकरांचं पटतं.

गंगापूर_रोड
ताई, त्याला उपाय आहे. सर्व्हरचा रोजचा डाउनटाइम 11:00 ला, म्हणजे आपल्या दुपारी साडेचारला. त्यानंतर चार-पाच तास पूर्व आशियातले लोक असतात. त्या वेळेची कॉर्प शोधली तर दहाच्या आत सगळं आटोपतं. शिकायचंच असेल तर ईव्ह युनिव्हर्सिटी ही खेळाडूंनीच चालवलेली कॉर्प 2004 पासून नवख्यांना शिकवतेय. आणि नोव्हेंबर 2016 पासून अल्फा क्लोन, म्हणजे मर्यादित सोयींचं खातं, फुकट आहे, त्यामुळे मुलाने पैसे मागितले तरी सध्या देऊ नका.

सिडकोकर, तुलाही एक सांगतो. पोरं जानेवारी 2014 च्या बी-आर5आरबीच्या लढाईबद्दल वाचून येतात. त्या सिस्टिमचं, म्हणजे सौरमंडळाचं, ताब्याचं बिल भरायचं राहिलं, ताबा सुटला आणि त्या लढाईत टायटन ही गेममधली सर्वात मोठी 75 जहाजं गेली. ते वाचून थेट नलसेकला, म्हणजे कॉनकॉर्ड नसलेल्या भागात, पळणारा नवखाही तुझ्या भावाइतक्याच लवकर गेम सोडतो. कॉर्प हवी, पण शिकवणारी.

निफाडचा_गडी
पावसाळ्यात आमच्याकडे लाईट जाते तेव्हा काय करायचं, हे कुणीच बोललं नाही. एकटा खणत असलो आणि कुणी हल्ला केलेला नसला, तर कनेक्शन तुटल्यावर जहाज आपोआप वॉर्प करून दूर जातं आणि थोड्या वेळाने दिसेनासं होतं. लढाईत कुणी स्क्रॅम लावलेला असेल तर तिथेच अडकतं. जहाज जातंच, वर ज्यांनी भरवसा ठेवला ते उघडे पडतात. ते मला सहन होत नाही.

सिडकोकर, भावाला गेम सोडू देऊ नकोस. रविवारी सहानंतर मी जिटाला माल नेणार आहे, त्याला माझ्याबरोबर पाठव. गेट टू गेट हाताने कसं जायचं आणि ऑर्डर कशी लावायची ते दाखवतो. कॉर्पचा अर्ज मात्र त्याला वाटेल तेव्हा त्याने भरावा, तू भरू नकोस.